नाहूरची उजळणी

प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे माणसाने निदान महाबळेश्वरला तरी जाऊन यावे, अशी आपल्याकडे रीत आहे. त्यातून दिवाळी अंकात लिहायचे तर काश्मीर, कन्याकुमारी, नाही तर सरळ स्वित्झर्लंडच. नाहूरचे प्रवासवर्णन आजवर कोणी लिहिल्याचे ऐकिवात नाही. पण गेली पंधरा वर्षे माझे बिऱ्हाड तेथे आहे, आणि ज्या गावाला कोणी मुद्दाम जात नाही त्या गावात पाहण्यासारखे काहीच नसते, हे मला मान्य नाही.

नाहूर कोठे आहे, हे मुंबईच्या माणसालाही सांगावे लागते. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड ही दोन नावे आपल्याला लहानपणापासून पाठ. त्या दोघांच्या मध्ये, दोन मोठ्या भावांमध्ये धाकट्याला बसवावे तसे, आमचे नाहूर बसले आहे. भांडुप-मुलुंडच्या मानाने हे स्टेशन अगदी नवखे. जलद गाडी येथे थांबत नाही. पाहुण्यांना पत्ता सांगताना आम्हीसुद्धा ‘मुलुंडच्या अलीकडे’ किंवा ‘भांडुपच्या पलीकडे’ असे सांगून मोकळे होतो.

आणि तरीही आगगाडीशी या भूमीचे नाते जुने आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले होते, आणि मुंबईपासून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत लोखंडी रस्ता न्यावा, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. पुढे दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच वाटेने. तेव्हा ना नाहूर स्टेशन होते, ना आमच्या इमारती. पण धुराची रेघ सोडत जाणारा तो चमत्कार येथल्या शेतांतून आणि मिठागरांच्या कडेने गेला, हे खरे. आज आम्ही लोकलच्या दाराशी लोंबकळताना त्या पहिल्या गाडीची आठवण काढत नाही, एवढेच.

पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नाहूर, असा हा भूगोल आहे. आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, या पट्टीतून जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना एके काळी कारखान्यांची रांग होती. सिएटचे टायर भांडुपचे आणि एशियन पेंट्सचे रंगही भांडुपचे. शिवाय लहानमोठी अभियांत्रिकी कामे करणारे गाळे तर किती होते, त्यांची गणती नाही. आता त्यांतल्या बऱ्याच जागी पस्तीस-चाळीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता येथेच येऊन मिळतो, आणि त्याच्यासाठी डोंगराखालून जुळे बोगदे काढायचे काम हाती घेतले आहे. थोडक्यात, नाहूरला सध्या पॉलिश करणे चालू आहे.

नाहूरची हवा मात्र पॉलिशला जुमानत नाही. खाडीवरून येणारा वारा खारट असतो. मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि धातूवर ओलावा धरून ठेवते. त्यात चार महिन्यांचा पाऊस. ओहोटीच्या वेळी खारफुटीच्या चिखलातून जो कुजका वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. हाच वायू चांदीची निरांजने काळी करतो आणि तांब्यावर काजळी धरवतो. त्याच खाडीवर हजारो रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली तेथे रोहितांचे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय पाणथळ क्षेत्राचा मानही मिळाला. पाहुणे दुर्बीण घेऊन रोहित पाहायला येतात. आमच्या घरच्या बायका मात्र त्याच खाडीकडे पाहत समई घासतात.

दिवाळी आली की आमच्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर चिंचेचा आंबूस वास दरवळू लागतो. माळ्यावरचे घंगाळ, तांब्याचा बंब, समया, पंचपात्री असे वर्षभर अज्ञातवासात असलेले सगळे बाहेर येते. चिंच, मीठ, राख, लिंबाची साल, किंवा दुकानातली पूड. ज्याची त्याची रीत वेगळी. कोणाकडे भांडी घासतात, कोणाकडे उटकतात. मराठीचा मास्तर असल्यामुळे अशा वेळी माझे लक्ष भांड्यांपेक्षा शब्दांकडे जाते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते ‘कळकते’. भांड्याला आतून कथलाची ‘कल्हई’ असते. सोनार दागिना ‘उजळून’ देतो. आणि मुले पाढे म्हणतात ती ‘उजळणी’. एकच शब्द सोन्यालाही आणि आठवणीलाही! दोन्हीही न घासता ठेवली तर काळवंडतात, हे आपल्या पूर्वजांनी शब्दकोश लिहिण्याआधीच ओळखले होते.

या शब्दाचा खरा अर्थ मला शिकवला तो मात्र एका फिटरने.

आमच्या शेजारच्या इमारतीत, तळमजल्यावर, एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहतात. सगळे त्यांना फिटरकाका म्हणतात. आग्रा रोडवरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षे काढली. तो कारखाना आता नाही. काकांच्या घराच्या मागच्या गॅलरीत एक लाकडी टेबल आहे, त्यावर एक लहानसा शेगडा, कानशींची चळत, आणि बाटल्या ठेवायला काकूंनी नाइलाजाने दिलेला मसाल्याचा जुना डबा. लोक त्यांच्याकडे शिलाईयंत्राची बॉबिन, आजोबांचे घड्याळ, देवघराची घंटा असे काहीबाही घेऊन येतात. पण गेल्या वर्षभर त्या टेबलावर मुक्काम होता तो खेळण्यातल्या दोन मोटारींचा. एक हिरवी, एक लाल. लांबीला वीतभरसुद्धा नाहीत.

ही खेळणी आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिली असतील, म्हणून चार शब्द सांगतो. या मोटारी चावीच्या नव्हेत, विजेच्या. जमिनीवर रस्त्याचे तुकडे एकमेकांत अडकवून वाट मांडायची. त्या वाटेत एक खाच असते आणि खाचेच्या दोन्ही अंगांना धातूची एकेक पट्टी. मोटारीच्या पोटाखालून एक जीभ त्या खाचेत उतरते, आणि जिभेच्या दोन बाजूंना तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या दोन शेंड्या पट्ट्यांवर घासत जातात. त्यांतून बारा व्होल्टची वीज पोटातल्या मोटरला मिळते. खेळणाऱ्याच्या हातात फक्त वेग असतो, वळवणे नसते. वळणावर हावरेपणा केला की मोटार खाच सोडून खुर्चीखाली जाते. संसाराचा सगळा वेदान्त त्यात आहे, असे काका म्हणतात.

इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाच्या कारागिराची ‘मिनीमॉडेल्स’ म्हणून कंपनी होती. १९५२ पासून ते चावीच्या पत्र्याच्या मोटारी विकत. त्याच मोटारींना विजेवर आणून ‘स्केलेक्स्ट्रिक’ हे खेळणे त्यांनी जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत मांडले. दुसऱ्याच वर्षी ती कंपनी लाइन्स ब्रदर्स या मोठ्या खेळणीवाल्यांनी घेतली. सुरुवातीची मोटारींची अंगे पत्र्याची होती. १९६० च्या सुमारास ती प्लास्टिकची झाली. खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याच्या या मोटारींनी त्या दशकात विलायतेतल्या आणि अमेरिकेतल्या पोरांना आणि त्यांच्या बापांनाही वेड लावले.

नाहूरला ती जोडी पोचली ती बोटीवरून. काकांचे थोरले बंधू जहाजावर इंजिनियर होते. काका त्यांना ‘दादा’ म्हणत. काका शाळकरी असताना दादांनी साठीच्या दशकातल्या एका सुट्टीत लिव्हरपूलहून हा खोका आणला. चाळीतल्या खोलीत जागा नव्हती, म्हणून गच्चीवर वाट मांडून, खालच्या खोलीतून वायर ओढून, सगळ्या आळीने त्या मोटारी पळवल्या. पुढे दादा फार लवकर गेले. त्यांचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. तो आता बर्मिंगहॅमला असतो. गेल्या साली त्याचा फोन आला, “काका, तुमची इमारत पाडायला निघाली म्हणे. बाबांचा तो खोका टाकू नका. स्वच्छ करून ठेवा, मी घेऊन जाईन. अगदी नव्यासारखा करा.”

त्या ‘नव्यासारखा’ या शब्दावर काका वर्षभर खल करीत बसले, आणि मी रविवारी सकाळी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसू लागलो.

पहिला धडा मला मिळाला तो घासण्याआधी पाहण्याचा. “मास्तर, जे चमकते ते सगळे धातू नसते,” काकांनी सुरुवातीलाच बजावले. मोटारीच्या पुढची जाळी आणि दोन्ही बाजूंचे धुराडे रुपेरी दिसत होते. मी त्यांना पोलादच समजत होतो. ते प्लास्टिक! निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा थर प्लास्टिकवर बसवतात. तो इतका पातळ असतो की पॉलिशचा एक हात मारला की खालचे प्लास्टिक उघडे पडते, आणि एकदा उघडे पडले की ते परत झाकता येत नाही. तेथे फक्त कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ कुंचला. दुसरा प्रकार जस्ताच्या ओतीव भागांचा. जुन्या ओतकामात शिसे मिसळलेले राहिले असेल तर जस्त आतून फुटते, भेगा पडतात, आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. हा रोग वरून घासून बरा होत नाही. लाल मोटारीची कोणीतरी मागाहून बसवलेली दोन चाके अशी गेली होती. काकांनी ती घासली नाहीत. कागदाच्या पुडीत बांधून बाजूला ठेवली.

दुसरा धडा विजेच्या वाटेचा. मोटार चालत नाही याचे कारण शंभरांत नव्वद वेळा मोटरमध्ये नसते, वाटेत असते. पट्टीपासून शेंडीपर्यंत, शेंडीपासून तारेपर्यंत, तारेपासून मोटरच्या कोळशाच्या ब्रशापर्यंत आणि ब्रशापासून फिरत्या तांब्याच्या कडीपर्यंत जिथे जिथे एक धातू दुसऱ्याला टेकतो, तिथे तिथे मळ बसतो. तांब्यावर चढलेली काळी साय वीज अडवते. काकांनी जुन्या शेंड्या उलगडून, दात घासायच्या मऊ ब्रशाने विंचरून काढल्या. इस्पितळात सुई टोचण्याआधी लावतात त्या स्पिरिटात त्या बुडवल्या, आणि वाळवून पुन्हा पिंजल्या. फिरत्या कडीचे तीन तुकडे असतात. त्यांच्यावरची काजळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, आणि तुकड्यांमधल्या बारीक फटींतली कोळशाची भुकटी लाकडी टूथपिकने टोकरून काढली. ती भुकटी तशीच राहिली तर वीज एका तुकड्यावरून दुसऱ्यावर आडवाटेने जाते आणि मोटर तापते. तेथे लोखंडी काडी चालत नाही, ओरखडा उठतो.

रस्त्याच्या पट्ट्या पोलादाच्या, वर पातळ मुलामा. चाळिशी-पन्नाशीच्या नाहूरच्या हवेने त्यांच्यावर तांबूस ठिपके धरले होते. मी उत्साहाने घरातली तारेची घासणी आणून दिली. काकांनी ती चिमट्याने उचलून गॅलरीबाहेर ठेवली, साप धरावा तशी. “मोटरमध्ये लोहचुंबक असतो. या घासणीचे केसासारखे तुकडे तुटतात, पट्टीवर राहतात, आणि गाडी गेली की उडून पोटात शिरतात. मग ती जन्मात चालत नाही.” पट्ट्या त्यांनी शाळकरी पोरांच्या खोडरबराने घासल्या! खोडरबराने गंजाचा वरचा थर निघाला, मुलामा राहिला. पॉलिश कागद मारला असता तर मुलामाही गेला असता, आणि पुढच्या पावसाळ्यात सबंध पट्टी तांबारली असती.

चाकांचे दांडे पोलादाचे आणि उघडे. तेथे मात्र पाण्याचा पॉलिश कागद, आधी हजार नंबरचा, मग दोन हजारचा, तेलात भिजवून. दांडा हातातल्या ड्रिलमध्ये धरून फिरवायचा आणि कागद दोन बोटांत नुसता टेकवायचा. दाबायचा नाही. “दाबले की दांडा मधे बारीक होतो आणि टोकांना जाड राहतो. डोळ्याला दिसत नाही, बुशाला कळते.” शेवटी तेलाचा एक थेंब. जास्त तेल म्हणजे जास्त धूळ.

आणि पितळ! पितळेवर तर काकांचे व्याख्यानच झाले. चिंचेत टार्टरिक आम्ल असते. ते तांब्यावरचा काळा थर विरघळवते, म्हणून समई उजळते. पण भांडे रात्रभर चिंचेत ठेवले तर पितळेतले जस्त निघून येते, तांबे मागे राहते आणि पिवळे पितळ गुलाबी दिसू लागते. आपल्या बायकांना हे माहीत असते, म्हणूनच त्या चिंच लावली की बसत नाहीत. लगेच राखेने घासून, धुऊन, कोरडे पुसून टाकतात. बाजारातल्या पितळपॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि तो भर्रकन चमक आणतो. काका मात्र तो अडचणीच्या कोपऱ्यांत लावू देत नाहीत. त्याला कारण आहे, आणि ते आपल्याच देशात सापडलेले आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवीत. न वापरताच त्यांच्या पितळी नळ्यांना भेगा पडत. कोणाला उलगडा होईना. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, पावसाळी हवेतला ओलावा आणि नळी ठोकून ओढताना पितळेत राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ फुटते, हे १९२१ साली इंग्रज धातुशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. “म्हणून ताण असलेल्या माणसाला आणि पितळेला,” काका म्हणाले, “उग्र औषध देऊ नये.”

हे सगळे ऐकताना माझ्या लक्षात आले की काकांच्या साऱ्या शास्त्राचे सूत्र एका वाक्यात बसते. ज्यातून वीज जायची आहे आणि जे फिरायचे आहे, तेवढे लख्ख करायचे. बाकीचे नुसते धूळ पुसून जसे आहे तसे ठेवायचे. उजळणे म्हणजे काही चढवणे नव्हे, काहीतरी काढून टाकणे आहे. आणि काढून टाकलेले परत येत नाही. मोठ्या संग्रहालयांतले जाणकारही जुन्या वस्तूला शक्य तितका कमी हात लावतात, ते याचसाठी.

पण काकांचे घोडे अडले ते एका पितळी बुशाशी.

हिरव्या मोटारीच्या मागच्या दांड्याचा एक बुश मूळचा नव्हता. लहानपणी तो तडकला होता, आणि येथे सुटा भाग मिळणे अशक्य. दादांनी पुढच्या सफरीत जहाजाच्या वर्कशॉपमध्ये पितळेचा तुकडा लेथवर फिरवून नवा बुश केला. घरी आणला, तर बसेना. मग त्यांनी जिन्यात बसून कानशीने त्याच्या कडा उतरवल्या. त्या रेघा अजून तेथे आहेत. बुशाला नखाएवढी कड आहे, आणि तिच्यावर आडव्या-तिरक्या दहा-बारा रेघा.

पुतण्याने इंग्लंडहून आधीच एक पाकीट धाडले होते. त्यात नव्या शेंड्या, नवी चाके आणि नव्या बुशांची एक जोडी. अगदी मापात, गुळगुळीत, सोन्यासारखी पिवळी. सोबत चिठ्ठी होती की जुने बुश काढून हे घालावेत.

मी म्हणालो, “काका, मग प्रश्न काय? जुना ठेवून द्या डबीत.”

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मास्तर, मी फिटर आहे. झिजलेला बुश काढून टाकणे हा माझा धर्म. चौतीस वर्षे मी तेच केले. दादाचा म्हणून झिजलेला बुश ठेवला, तर दादाच मला हसेल.”

त्यांनी मायक्रोमीटर काढला. आधी दांडा मोजला, मग बुशाचे भोक. तीन ठिकाणी फिरवून मोजले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. कोर्टात निकाल ऐकताना बसतो तसा मी बसलो होतो. खटला माझा नव्हता, तरी हाताला घाम होता. शेवटी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बुश झिजलेला नाही. दांड्यावर गंज होता, म्हणून तो डुगडुगत होता. दादाने माप चोख ठेवले होते.”

त्यांनी बुश आतून स्पिरिटच्या काडीने पुसला. बाहेरून त्याला हात लावला नाही. पितळ तपकिरी पडले होते, तसेच राहू दिले.

पुतण्या गणपतीच्या सुट्टीत आला. पन्नाशीचा, चांगला भरदार माणूस. मराठी स्वच्छ, पण मधूनमधून शब्द शोधणारा. काकूंनी उकडीचे मोदक पुढे ठेवले, आणि काकांनी खोका. झाकण उघडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशा आली, ती मला दिसली. रंगाचे टवके तसेच होते. हिरव्या अंगावर ओरखडे होते. नव्यासारखे काही झाले नव्हते.

“काका, पाकीट मिळाले नाही का? बुश घातले नाहीत?”

“मिळाले ना. लाल गाडीत घातलेत. तिला हवेच होते.” मग काकांनी हिरवी मोटार उलटी करून त्याच्या हातात दिली, भिंग दिले, आणि म्हणाले, “या कडेवर बघ. रेघा कुठल्या बाजूला कललेल्या आहेत?”

“डावीकडे.”

“माझ्या हातच्या रेघा उजवीकडे कलतात. दादा डावखुरा होता.”

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज येत होता. वडिलांचा फोटो त्या माणसाच्या घरात असणारच. फोटोत माणूस दिसतो, पण त्याचा हात कसा चालत असे, ते फोटोत उतरत नाही. त्याने बराच वेळ भिंग धरले होते. मग त्याने मोटार खाली ठेवली आणि इतकेच म्हणाला, “हा राहू दे, काका.”

मला येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ती हिरवी मोटार म्हणजे ‘व्हॅनवॉल’ या खऱ्या इंग्रज शर्यतीच्या गाडीची नक्कल. १९५८ साली गाडी बनवणाऱ्यांचे जगज्जेतेपद पहिल्यांदाच देण्यात आले, आणि ते व्हॅनवॉलने पटकावले. या गाडीचे मालक टोनी व्हँडरव्हेल हे धंद्याने बेअरिंगवाले होते. त्यांच्या कारखान्यात ‘थिनवॉल’ नावाची बेअरिंगे होत. मालकाच्या नावातले ‘व्हॅन’ आणि बेअरिंगच्या नावातले ‘वॉल’ मिळून गाडीचे नाव झाले. ज्या गाडीच्या नावातच बेअरिंग आहे, तिच्या चिमुकल्या नकलेला एका मराठी आगबोटीवरच्या इंजिनियराने हाताने केलेला बुश बसावा, याला योगायोग म्हणा. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे त्याला अलंकार म्हणतो.

कानशीच्या रेघा हा दोष मानायचा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे पुण्याच्या तांबट आळीने केव्हाच सोडवला आहे. पेशवाईच्या काळापासून कसब्यात तांबटांची वस्ती आहे. तांब्याचे घंगाळ किंवा हंडा घडवून झाला की त्याच्यावर हातोडीचे एकसारखे ठोके घालतात. त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी तांबे कठीण होते, भांडे बाक धरत नाही, आणि प्रत्येक खळग्यात उजेड वेगळा खेळतो. मठारलेले भांडे कितीही घासले तरी ठोके तसेच राहतात, आणि घेणारा ते ठोके पाहूनच भांडे पसंत करतो. घडवणाऱ्याचा हात दिसणे हे तेथे सौंदर्य आहे. यंत्राने केलेल्या गुळगुळीत वस्तूने आपल्याला त्याचा विसर पाडला.

त्या संध्याकाळी काकांच्या दिवाणखान्यात कोचाखालून, टेबलाभोवती आणि गणपतीच्या मखराला वळसा घालून वाट मांडली. नव्या शेंड्यांची आणि नव्या बुशांची लाल मोटार सरळ रेषेत वाऱ्यासारखी गेली. हिरवी किंचित गुणगुणत, स्वतःशी काही म्हणत असल्यासारखी मागून आली. ती तीनदा हरली. चौथ्यांदा लाल मोटार वळणावर उडून काकूंच्या फराळाच्या डब्यावर आदळली, तेव्हा हिरवी जिंकली. इमारतीतली पोरे, पुतण्या आणि सत्तरी ओलांडलेले काका असे सगळे जमिनीवर पालथे पडून ओरडत होते. पट्ट्यांवर मधूनच निळी ठिणगी उडे, आणि त्या वासाने काका म्हणत, “हा, हा! गच्चीवरही अगदी असाच वास यायचा!”

खोका आता बर्मिंगहॅमला आहे. काकांची इमारत येत्या वर्षात पाडतील. पुनर्विकास होईपर्यंत ते मुलुंडला भाड्याच्या घरात जाणार आहेत. गॅलरीतले टेबल तेथे मावणार नाही, म्हणून कानशी आणि मसाल्याचा डबा तेवढा नेणार. येथे नवी इमारत होईल, तिला काचेचा दर्शनी भाग असेल, आणि पहिल्या पावसाळ्यात खाडीचा वारा तिच्या कठड्यांवर आपले ठिपके काढून जाईल. तो वारा नव्याजुन्यात फरक करीत नाही.

नाहूरला पाहण्यासारखे काय आहे, असे मला कोणी विचारले, तर मी आता खाडीचे रोहित आणि डोंगरामागचा सूर्यास्त तर सांगेनच. पण शिवाय असे सांगेन की दिवाळीच्या आठवड्यात येथे या. आमच्या जिन्यांतून चढत जा. प्रत्येक दाराशी कोणी ना कोणी चिंचेने पितळ घासत बसलेले दिसेल. पुढच्या दिवाळीपर्यंत ते पुन्हा काळे पडणार, हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ती घासतात. जेथे उजेड टेकायचा, तेवढी जागा स्वच्छ ठेवायची, आणि आजीच्या नावाची अक्षरे कोरलेल्या कडेवर हात हलका चालवायचा. एवढी उजळणी वर्षातून एकदा जमली, तरी खूप झाले.